स्टारशिपच्या पोटातले क्रॉलवे कसे आखायचे

स्टारशिपची गोष्ट लिहिताना ब्रिज, कॅप्टनची खुर्ची, समोर मोठी काच, बाहेर तारे हे सगळं लोक मन लावून लिहितात, आणि मग गोष्टीत काहीतरी बिघडतं आणि "इंजिनियर क्रॉलवेमधून सरपटत गेला" असं एक वाक्य येतं, की दोन ओळींनी तो पलीकडे बाहेर. क्रॉलवे म्हणजे जहाजाच्या आत दुरुस्तीला सरपटत जायची अरुंद वाट. ती वाट तिथेच का होती, आत हवा होती का, हातातलं अवजार कसं नेलं, यातलं काहीच नाही. मी बोटीवर असतो, इंजिन रूममधे, घर रत्नागिरीजवळ, आणि सुट्टीवर आलो की इकडची लिहिणारी पोरं दिवाळी अंकाला पाठवायच्या आधी गोष्टी वाचायला देतात. त्यांना जे सांगतो तेच इथे सविस्तर लिहितोय, कारण जहाजाच्या पोटातली ही वाट नीट आखली ना की अर्धी गोष्ट तिथेच सापडते.

पहिली गोष्ट, वाटेपासून सुरुवात करायची नाही, बिघाडापासून करायची. कागद घ्या आणि तुमच्या जहाजावर काय काय बिघडू शकतं ते लिहा, पंप, पंखे, फिल्टर, व्हॉल्व्ह, केबलचे जॉइंट, सेन्सर, कूलर, जे सुचेल ते. प्रत्येकापुढे तीन गोष्टी लिहा: किती वेळा हात लावावा लागतो, वजन किती, आणि बिघडलं तर किती वेळ हातात आहे. आता वाटा आपोआप ठरायला लागतात. जो फिल्टर आठवड्याला साफ करायचा तो कोणी शहाणा माणूस सरपटत जायच्या जागी ठेवणार नाही, तो कॉरिडॉरमधे उभ्या उभ्या पॅनल उघडला की हाताशी पाहिजे. जो व्हॉल्व्ह पाच वर्षांतून एकदा उघडायचा तो खोल गेला तरी चालेल. आणि जो व्हॉल्व्ह बिघाड झाल्यावर मिनिटाभरात बंद करायचा असतो त्याचं चाक लांब दांडा लावून वर, माणूस उभा असतो तिथे आणलेलं असतं. आमच्याकडे समुद्राचं पाणी आत घेणारे व्हॉल्व्ह खाली बिल्जजवळ, म्हणजे तळाशी पाणी साचतं तिथे असतात, पण त्यांची चाकं पाय ठेवायच्या प्लेटांच्या वर येतात, कारण खाली पाणी भरलं तर बुडी मारून कोण बंद करणार? तुमच्या गोष्टीत हिरोला जीव धोक्यात घालून आत जावंच लागलं पाहिजे असेल तर तो वरचा दांडा का चालला नाही हे आधी सांगा. दांडा वाकलाय, कोणीतरी चाक काढून नेलंय, काहीही, पण कारण पाहिजे.

या क्रॉलवेंचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण म्हणजे स्टार ट्रेक, १९६६ साली सुरू झालेली मालिका. तिचे आर्ट डायरेक्टर मॅट जेफरीज, त्यांच्या नावावरूनच तिथल्या दुरुस्तीच्या नळीला जेफरीज ट्यूब म्हणतात. हे गृहस्थ विमानांचे पक्के जाणकार, आणि मालिकेतलं एंटरप्राइझ जहाज काढताना त्यांचा विचार अगदी कारागिराचा होता की अंतराळात बाहेर जाणं धोक्याचं, म्हणून जे दुरुस्त करावं लागेल ते बाहेर लटकवायचंच नाही, सगळं आत ठेवायचं, आतूनच पोचायचं. म्हणून त्या जहाजाची कातडी बाहेरून एवढी गुळगुळीत. मला हा विचार फार आवडतो. बाहेरचा आकार आणि आतली वाट हे एकाच निर्णयाचे दोन भाग आहेत, तुम्ही बाहेरून अँटेना आणि पाइप चिकटवलेत की आतल्या माणसाला बाहेर पाठवायची सोय केलीत असं समजा.

आणि हे काल्पनिकच असतं असंही नाही. अमेरिकेचं बी-३६ बॉम्बर, पहिलं उड्डाण १९४६ चं, त्याच्या पुढच्या आणि मागच्या केबिनच्या दरम्यान सुमारे २५ मीटरची नळी होती, आत चाकांची ढकलगाडी, तिच्यावर उताणं पडायचं आणि वरची दोरी ओढत ओढत पलीकडे जायचं. त्याचे पंख मुळाशी इतके जाड होते की उडत्या विमानात फ्लाइट इंजिनियर पंखात शिरून इंजिनापर्यंत जाऊ शकायचा. स्टारशिप लिहिणाऱ्याने या विमानाचे नकाशे जरूर बघावेत, डोळ्यासमोर पटकन येतं की "चालू जहाजावर आतून दुरुस्ती" म्हणजे काय.

आता मापं. सिनेमात वेंटिलेशनच्या डक्टमधून माणसं ऐटीत सरपटतात ते डोक्यातून काढा. खरा डक्ट पातळ पत्र्याचा, आत स्क्रूची टोकं आलेली, मधे डँपर, म्हणजे हवा अडवायच्या झडपा, आणि जाळ्या, आणि माणसाच्या वजनाने तो खालीच येतो. क्रॉलवे वेगळा आणि डक्ट वेगळा. जहाजांच्या बाबतीत नियम आहेत, टँकर आणि बल्क कॅरियरच्या टाक्यांत उतरायचं भोक कमीत कमी ६०० बाय ६०० मिलिमीटर आणि आडवं शिरायचं असेल तर ६०० बाय ८०० मिलिमीटर. ही मापं अशीच कोणी ठरवली नाहीत, पाठीवर श्वासाचा सिलिंडर असलेला माणूस आत गेला पाहिजे आणि स्ट्रेचरवर बांधलेला जखमी बाहेर आला पाहिजे असा त्यामागचा विचार आहे. तुमचा माणूस स्पेससूट घालून जाणार असेल तर ६०० विसरा, बराच मोठा ठेवा किंवा सूट घालून जाताच येत नाही हाच गोष्टीतला पेच करा. हातापायांवर रांगायला साधारण ८० सेंटिमीटर उंची बरी, पोटावर सरपटायला ५० मधे भागतं पण त्यात काम करता येत नाही, नुसतं जाता येतं. हा फरक लिहिणाऱ्यांच्या लक्षातच येत नाही! जायची जागा वेगळी आणि कामाची जागा वेगळी. वाट अरुंद असू दे, पण जिथे व्हॉल्व्ह आहे तिथे ती पोटासारखी फुगली पाहिजे, माणूस कुशीवर वळला पाहिजे, दोन्ही हात पुढे आले पाहिजेत, आणि पाना फिरला पाहिजे.

पान्याचं जरा सांगतोच. साधा डबल एंड पाना बघितलात तर त्याचं तोंड दांड्याला सरळ नसतं, १५ अंशांनी तिरकं असतं. ते यासाठीच की अडचणीच्या जागी एकदा फिरवायचा, मग उलटा करून परत लावायचा, असं केलं की ३० अंश फिरायला जागा असली तरी षटकोनी नट सुटतो. तेवढीही जागा नसेल तर रॅचेट, म्हणजे नटावरून न काढता पुढे-मागे हलवत फिरवायचा पाना, ७२ दात्यांचा असेल तर ५ अंशांत एक टिचकी. म्हणजे तुमच्या गोष्टीत नट सोडवायला किती वेळ लागतो हे जागेवर ठरतं, मोकळ्यावर अर्ध्या मिनिटाचं काम क्रॉलवेमधे वीस मिनिटं खातं, घाम डोळ्यात जातो, नट हातातून सुटून खाली पाइपांच्या मधे पडतो आणि मग तो शोधायचा. गुरुत्व नसेल तर अजून वाईट, नट पडत नाही, कुठेतरी तरंगत जातो, आणि पाना फिरवला की पान्याऐवजी माणूस फिरतो. म्हणून शून्य गुरुत्वाच्या क्रॉलवेमधे पाय अडकवायला दांडा किंवा पट्टा पाहिजेच. अमेरिकेच्या स्कायलॅब स्थानकात जमीन त्रिकोणी जाळीची होती आणि बुटाखाली त्याच आकाराचा ठोकळा, जाळीत घालून वळवला की पाय पक्का. असं काहीतरी तुमच्या जहाजावर ठेवा.

मापांचा सगळ्यात महत्त्वाचा भाग मात्र माणसाचा नाहीच, सामानाचा आहे. शेल अँड ट्यूब कूलर घ्या. बाहेर एक नळकांडं, आत पातळ नळ्यांचा लांबच लांब गठ्ठा. आता नळी फुटली, गठ्ठा बाहेर काढायचा, तर कूलर जेवढा लांब तेवढीच मोकळी जागा त्याच्या तोंडासमोर पाहिजे. तीन मीटरचा कूलर असेल तर पुढे तीन मीटर रिकामं, तिथे ना खांब चालतो ना पाइप. वर छताला वेल्ड केलेलं कडं, त्याला चेनकुप्पी, म्हणजे साखळीची कप्पी लटकवायची, साखळी खळखळ ओढत ओढत गठ्ठा इंचाइंचाने बाहेर येतो, त्यातून हिरवट गाळ आणि शिंपल्या गळतात, एकजण खालून लाकडाचे ठोकळे सरकवतो, एकजण नुसता "हळू, हळू" म्हणत नळ्यांची शीट कुठे घासते का ते बघतो. ज्याने ड्रॉइंगमधे ती जागा सोडली त्याला मनातल्या मनात नमस्कार करावासा वाटतो. आणि मोठा पंप किंवा मोटर काढायची तर ती दारातून जाणारच नाही, त्यासाठी डेकमधे बोल्टने बसवलेली प्लेट असते, ती खोलून वरून उचलायचं. तर तुमच्या स्टारशिपवर रिअॅक्टरचा पंप बदलायचा असेल तर बोटाने नकाशावर वाट दाखवा, कुठून निघाला, कुठल्या दारातून गेला, कुठे उचलला, कुठे वळला. वळणावर अडकला? छान, तिथे गोष्ट आहे.

आता हवा. यावर मी जास्त लिहिणार, कारण माणसं खरोखर इथेच मरतात.

बंद लोखंडी टाकी काही महिने बंद राहिली तर आतलं लोखंड गंजतं आणि गंज ऑक्सिजन खातो. बाहेर हवेत ऑक्सिजन २०.९ टक्के, आत कितीही कमी असू शकतो, आणि याला वास नाही, रंग नाही, गुदमरल्यासारखंही वाटत नाही, कारण गुदमरल्याची जाणीव शरीराला कार्बन डायऑक्साइड वाढल्याने होते, ऑक्सिजन कमी झाल्याने नाही. फारच कमी असेल तर दोन-चार श्वासांत माणूस खाली. कोकणातल्या मच्छीमारांना हे वेगळ्या तऱ्हेने माहीत आहे, ट्रॉलरच्या मासळीच्या खणात मासळी सडली की सडक्या अंड्याच्या वासाचा वायू होतो, हायड्रोजन सल्फाइड, हवेपेक्षा जड, खाली तळाशी बसतो, आणि प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं, वास यायचा थांबतो आणि माणसाला वाटतं गेला वास. मालवणकडचे जुने तांडेल, म्हणजे बोटीचे कप्तान, पोरांना एवढंच सांगतात, "आधी वारो घाल, मगे उतर." सगळी सेफ्टीची पुस्तकं या पाच शब्दांत आली.

आणि अंतराळयानाचंही हेच. १९ मार्च १९८१ ला, कोलंबिया शटलचं पहिलं उड्डाण व्हायच्या आधी, केनेडी स्पेस सेंटरवर तंत्रज्ञ शटलच्या मागच्या इंजिनाच्या कप्प्यात शिरले. आग लागू नये म्हणून तो कप्पा नायट्रोजनने भरलेला होता. जाणारे कोसळले, माणसं दगावली, आणि यान तर जमिनीवरच उभं होतं. दुरुस्तीच्या कप्प्यात शिरणं हीच गोष्ट किती गंभीर आहे हे यावरून समजून घ्या, शत्रू, उल्का, एलियन काही लागत नाही.

म्हणून क्रॉलवे आखताना प्रत्येक तुकड्यासाठी लिहा, इथे हवा कुठून येते आणि कुठे जाते. एक हिशोब करून दाखवतो. ८० सेंटिमीटर बाय ८० सेंटिमीटरचा, ५ मीटर लांबीचा तुकडा दोन्हीकडून बंद झाला, आत ३.२ घनमीटर हवा. मेहनतीचं काम करणारा माणूस मिनिटाला साधारण १ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. ३ टक्के व्हायला ९६ लिटर लागतात, म्हणजे दीड तासात डोकं ठणकायला आणि धाप लागायला सुरुवात, ऑक्सिजन संपायच्या खूप आधी. हा तुमचा टाइमर, गोष्टीत हाच वापरा. पण गुरुत्व नसेल तर अजून एक भानगड आहे, गरम हवा वर जाते ही गोष्टच तिथे होत नाही, त्यामुळे सोडलेला श्वास तोंडासमोरच रेंगाळतो, आणि एका जागी डोकं खुपसून काम करणारा माणूस स्वतःचाच श्वास परत परत घेतो. अंतराळ स्थानकावर म्हणून पंखे सतत चालू असतात आणि त्यांचा आवाजही सतत असतो. तुमच्या क्रॉलवेमधे पंख्याची घरघर कायम ऐकू येऊ द्या, आणि ती थांबली की वाचणाऱ्याच्या पोटात गोळा येईल, तुम्हाला वेगळं काही लिहावं लागणार नाही.

आत जायची पद्धतही लिहा. आमच्याकडे आधी परमिट, म्हणजे लेखी परवानगी, मग पंखा लावून हवा, मग मीटरने वर, मधे आणि तळाशी तिन्ही ठिकाणी तपासणी, आणि दारावर एक माणूस उभा, त्याचं काम फक्त आतल्याशी बोलत राहणं. आतला बोलायचा थांबला तर दारावरच्याने आत उडी मारायची नाही, आधी अलार्म द्यायचा. जगभर बंद जागेतल्या अपघातांत वाचवायला गेलेलेच मोठ्या संख्येने मरतात, मित्र पडलेला दिसतो आणि माणूस विचार न करता उतरतो. गोष्टीतला सगळ्यात कठीण प्रसंग मला हाच वाटतो, दारावर उभा राहणं. आत आपला माणूस गप्प झालाय आणि आपण जागा सोडायची नाही. असा प्रसंग मराठीत कोणीतरी नीट लिहा रे.

दारांचं बघू. लोक झाकण काढतात पण ते कुठल्या बाजूला उघडतं हे काढत नाहीत. ८० सेंटिमीटरचं गोल झाकण, एका बाजूला आपली नेहमीची हवा, दुसऱ्या बाजूला निर्वात, तर त्यावर साधारण ५ टनांचा दाब येतो. हिरो कितीही तगडा असो, ते दाबाच्या विरुद्ध उघडणार नाही. फक्त १ टक्क्याचा फरक असला तरी ५० किलोचा जोर लागतो. म्हणून खऱ्या झाकणांना दाब सारखा करायचा छोटा व्हॉल्व्ह असतो, आधी तो उघडायचा, सूंऽऽ असा आवाज थांबेपर्यंत थांबायचं, मग दार. आणि झाकण असं बसवायचं की जास्त दाबाने ते आपल्या चौकटीवर घट्ट बसेल.

याचं खरं उदाहरण रशियाच्या मीर अंतराळ स्थानकाचं. २५ जून १९९७ ला प्रोग्रेस मालवाहू यान डॉक करताना स्थानकाच्या स्पेक्त्र नावाच्या भागावर आदळलं, भोक पडलं, हवा जायला लागली. स्पेक्त्र बंद करून टाकायचा, पण त्याच्या दारातूनच केबली गेलेल्या, दार लागेना! आत माणसं केबली उपटतायत, सुटत नाही ती सुरीने कापतायत. आणि स्पेक्त्रचं स्वतःचं झाकण आतल्या बाजूचं, बाहेर जाणाऱ्या हवेच्या विरुद्ध ते ओढून घेता येईना, शेवटी एक सुटं झाकण अलीकडून लावलं आणि स्थानकातल्या दाबानेच ते चिकटून बसलं. या एका घटनेतून दोन नियम घ्या. दारातून केबल, होज काही न्यायचं नाही, न्यायचंच असेल तर हाताने झटकन सुटेल असा जोड त्याच जागी पाहिजे. आणि दोन्ही बाजूंनी लावता येईल असं सुटं झाकण जवळ टांगलेलं पाहिजे. तुमच्या गोष्टीतल्या आळशी क्रूने सोयीसाठी दारातून एक्स्टेन्शन टाकून ठेवलंय, कितीतरी महिने तसंच आहे, कोणी लक्ष देत नाही, हे पहिल्या पानावर सहज लिहून ठेवा.

केबल भिंतीतून पलीकडे नेताना भोक नुसतं सोडत नाहीत, आगीला अडवणारे ठोकळे दाबून बसवतात, नाहीतर लांब क्रॉलवे म्हणजे आगीची चिमणीच होते. आणि इंजिन रूमच्या तळापासून थेट वर जाणारी शिडीची बंद वाट असते, एस्केप ट्रंक, तिच्या भिंती आगीला टिकणाऱ्या, दार आपोआप बंद होणारं. ती सामान ठेवायला वापरायची नाही. एवढं बास.

गुरुत्वावर तुमच्या जहाजाचा सगळा नकाशा अवलंबून आहे. जहाज इंजिनाच्या जोराने गुरुत्व तयार करत असेल तर मजले इमारतीसारखे एकावर एक, आणि जो क्रॉलवे लांबीच्या दिशेने जातो तो क्रॉलवे नाहीच, विहीर आहे. पूर्ण गुरुत्वाइतका जोर असताना १० मीटर पडलं तर दीड सेकंदाच्या आत तळाला, ताशी ५० किलोमीटरच्या वेगाने. म्हणून उंच शिडी मधे मधे तोडायची, प्लॅटफॉर्म टाकायचे, आणि "इंजिन सुरू होतंय" ही घोषणा क्रॉलवेमधे ऐकू गेलीच पाहिजे.

जहाज गोल फिरून गुरुत्व तयार करत असेल तर मजा आहे. १०० मीटर त्रिज्येचं चाक मिनिटाला साधारण ३ फेऱ्या घेतलं की कडेला पृथ्वीइतकं वजन. आता कडेपासून मधल्या आसाकडे शिडीने चढा, जसजसं वर तसतसं वजन कमी, पण एक अदृश्य हात तुम्हाला चाक फिरतंय त्या दिशेला ढकलतो, उतरताना उलट्या दिशेला. सेकंदाला अर्धा मीटर या वेगाने चढणाऱ्या सत्तर किलोच्या माणसाला हा रेटा दोन-सव्वादोन किलोचा. फार नाही, पण शिडी चुकीच्या भिंतीला असेल तर तो सतत पाठीमागे खेचत राहणार. म्हणून चढायची शिडी फिरण्याच्या दिशेच्या भिंतीला आणि उतरायची समोरच्या, म्हणजे दोन्ही वेळा शरीर शिडीवर दाबलं जाईल. आणि १० मीटरवरून पाना सुटला तर तो सरळ खाली पडत नाही, सव्वातीन मीटर मागे पडायला बघतो, म्हणजे अरुंद विहिरीत भिंतीवर आपटत आपटत खाली येणार. खालच्या माणसाला वर बघून कळणार नाही कुठून येतोय. प्रत्येक अवजाराला दोरी बांधा! चाकाची त्रिज्या बदललीत तर आकडे परत काढा, शाळेतलंच गणित आहे.

कृत्रिम गुरुत्वाची बटणं असलेलं जहाज असेल तर एवढंच ठरवा, क्रॉलवेमधे ते आहे का. मला विचाराल तर ठेवू नका. जड पंप तरंगत नेता येतो, आणि कॉरिडॉरमधून शिरताना वर-खाली बदलतं, हे शरीराला कळलेलं लिहिता येतं.

पत्ता विसरू नका. क्रॉलवेमधे सगळं सारखं दिसतं, आणि अंधारात, धुरात माणूस दिशा हरवतो. जहाजाला फासळ्या असतात, त्यांना फ्रेम नंबर, आणि त्यावरून कुठलीही जागा सांगता येते. अमेरिकन नौदलाची पद्धत तर तयारच आहे, डेकचा आकडा, फ्रेमचा आकडा, मग बाजू, मधे असेल तर शून्य, उजवीकडे विषम, डावीकडे सम. तशीच तुमची बनवा. पाइपांवर रंगाचे पट्टे असू द्यात, आमच्याकडे समुद्राचं पाणी हिरवं, गोडं निळं, तेल तपकिरी, आग विझवायचं लाल, आणि प्रवाह कुठे जातो त्याचा बाण. आकडे उठावाचे ठेवा, हाताने चाचपून वाचता येतील असे, दिवे गेल्यावर तेच उपयोगी.

दोन माणसं समोरासमोर आली तर? हा प्रश्न एका पोराने विचारला आणि मला फार आवडला. आपल्याकडे रेल्वेच्या बोगद्यात भिंतीला ठरावीक अंतरावर कोनाडे असतात, गाडी आली की गँगमन त्यात शिरून उभा राहतो. रत्नागिरीजवळचा करबुडे बोगदा साडेसहा किलोमीटरचा, तिथे पंखे लावून हवा खेळवावी लागते, बोगदा म्हटला की हवा आणि आसरा हे दोन प्रश्न आलेच. तुमच्या क्रॉलवेतही कोनाडे द्या, त्यात श्वासाचा मास्क, टॉर्च आणि बोलायचा फोन. आणि नियम ठरवा कोणी मागे सरकायचं. ओझं असलेल्याला वाट द्यायची, असं मी ठेवीन.

आता माणसं. कोण आत जातं हे लिहिताना सगळं काम चीफ इंजिनियरला देऊ नका. टाकीत उतरतो तो फिटर, ऑइलर, वायपर. सेकंड साब, म्हणजे सेकंड इंजिनियर, दारात उभा राहून टॉर्च मारतो, कधी कधी स्वतः उतरतो आणि त्या दिवशी त्याचा मान वाढतो. अंगाने बारीक माणसाला जास्त वेळा आत पाठवलं जातं आणि त्याचे गुडघे आधी जातात. बॉयलर सूटच्या, म्हणजे कामाच्या अंगभर कपड्याच्या, खिशात पुसायचं कॉटन वेस्ट, खडू, छोटा आरसा. खडू यासाठी की उघडलेल्या फ्लँजवर, म्हणजे पाइपच्या जोडाच्या चकतीवर, खूण करायची, परत तसाच बसवायला. जुन्या जहाजावर आत आधीच्या माणसांच्या खडूच्या आणि पेंटच्या खुणा सापडतात, तारीख, बाण, "हा आधी सोड" असं काहीबाही, कुठल्या कुठल्या भाषेत. त्यातली एखादी खूण मराठीत असू शकते, तुमच्या स्टारशिपवर का नको?

हे सगळं बघायचं असेल तर लांब जायला नको. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, बोटी किनाऱ्याला घेतलेल्या, शाकारलेल्या असतात, आणि मिरकरवाड्याला, हर्णैला, मालवणला इंजिनांची कामं चालू असतात. सकाळच्या वेळेला जा, तांडेलना किंवा नाखवांना विचारून, चप्पल काढून बोटीवर चढा, आणि इंजिनाच्या खणात डोकं घालून बघा मेकॅनिक कुठे बसलाय, त्याचा कुठला पाय कशावर टेकलाय, पाना कुठून हातात येतो, प्रकाश कुठून. मासळीच्या खणात मात्र कोणी सांगितल्याशिवाय उतरू नका, रिकामा दिसला तरी. आणि त्यांचं काम चालू असताना प्रश्न विचारत बसू नका, चहाला थांबले की विचारा, मग ते हातवारे करून असं सांगतात की वहीत ओढलेलं चित्र परत काढावं लागतं.

सगळं आखून झालं की नकाशा दुसऱ्या कोणाला तरी द्या, गोष्ट सांगू नका. फक्त एक बिघाड सांगा, उदाहरणार्थ "फ्रेम ४२, उजवीकडे, कूलर गळतोय आणि दिवे गेलेत", आणि त्याला पेन्सिलने वाट काढायला लावा: कुठून शिरला, कुठलं दार आधी दाब बघून उघडलं, मास्क कुठून घेतला, पाना कुठे फिरवला, आणि जखमी झाला तर त्याला कुठून बाहेर काढणार. जिथे त्याची पेन्सिल थांबेल तिथे नकाशा दुरुस्त करायचा की तसाच ठेवून प्रसंग लिहायचा, ते तुमचं तुम्ही ठरवा.